उषाबाईंच्या नात्यातलं कोण?

पुणे, ९ जानेवारी २००६

मच्छिंद्रमामा,

परवा फोनवर मी तीन वेळा ओरडून सांगितलं आणि तिन्ही वेळा तुम्ही "गाडी किती वाजता पोचते?" असंच विचारलंत. मी येत नाहीये मामा. मला तुमची वही हवी आहे. तुमचे कान आता फोनला दाद देत नाहीत, म्हणून पत्रच लिहिते.

वही म्हणजे अंबडच्या दवाखान्यात तुम्ही रक्त तपासायला होता तेव्हा, त्र्याऐंशी सालापासून, लिहीत आलेली ती जाड निळी वही. प्रत्येकाचं नाव, गाव, रक्तगट आणि पुढं "अमक्याचा भाऊ", "तमकीची लेक". रक्ताची गरज पडली की नातेवाईक शोधायला सोपं जावं म्हणून तुम्ही ते लिहायचात, हे मला आठवतं.

एम.टेक.साठी मी ज्या विषयावर काम करते त्याला सिमँटिक वेब म्हणतात. कॉम्प्युटरला नुसते शब्द न देता कोणाचं कोणाशी काय नातं आहे तेही सांगायचं, म्हणजे न सांगितलेल्या गोष्टी तो स्वतः काढू शकतो. त्यासाठी मला नात्यांचं खरं जाळं पाहिजे. कृपा करून झेरॉक्स पाठवा.

मामींना नमस्कार.

शिवकन्या


अंबड, १६ जानेवारी २००६

चि. शिवकन्या हीस मच्छिंद्रमामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आन तुझ्या मामीला वाचून दाखवलं. तिनं लगेच ताडलं. नात्यांचं जाळं, कोण कोणाचं कोण, आन तेबी कॉम्प्युटरवर. म्हणजे स्थळं जुळवायचं काम. पोरीनं लाजून आडवळणानं लिहिलंय, असं तिचं म्हणणं.

म्हणून सोबत तीन पत्रिका पाठवून राह्यलो. पैकी बद्रीनाथ पाटबंधारे खात्यात आहे, स्वभाव चांगला आहे. पण वहीचं मला काही समजलं न्हाई. वहीतली माणसं रक्त द्यायला आल्ती, लग्नाला न्हाई. निम्म्यांना नातवंडं झाली. त्यांचं तू काय करणार?

तुझा मामा


पुणे, २१ जानेवारी २००६

मामा,

पत्रिका आईकडे दिल्या. ती खूश आहे, मी नाही.

पुन्हा सांगते. तुम्ही माझ्या आईचे भाऊ, एवढंच यंत्राला सांगितलं, तर तुम्ही माझे मामा हे त्याला आपोआप कळायला हवं. ते कळतं, त्यात अडचण नाही. अडचण ही की त्याने ते काढायचं कधी?

एक रीत अशी, की माहिती आल्याबरोबर तिच्यातून निघतील तेवढे सगळे निष्कर्ष काढून साठवून ठेवायचे. मग कोणी काही विचारलं की उत्तर तयार. पण साठा फुगत जातो, आणि मूळ माहितीत एक गोष्ट चुकीची निघाली तर तिच्यावरून काढलेलं काय काय फेकायचं ते समजत नाही. दुसरी रीत, सांगितलं तेवढंच ठेवायचं आणि कोणी विचारेल तेव्हा त्या प्रश्नापुरतं काढायचं. साठा छोटा, पण विचारणारा ताटकळतो.

कुठल्या माहितीला कुठली रीत परवडते, ते मला जूनपर्यंत ठरवायचं आहे. सर म्हणतात खऱ्या माणसांच्या माहितीवर करून बघ. आता तरी पाठवाल ना?

शिवकन्या


अंबड, ३ फेब्रुवारी २००६

चि. शिवकन्या,

झेरॉक्स आपल्या भुजंगच्या हाती पाठवून राह्यलो, तो पुण्याला लग्नाला चाललाय. तीनशे बारा पानं आहेत. अक्षर लागलं न्हाई तर इचार.

तुझ्या दोन रीती वाचल्या. आम्ही दोन्ही करायचो. शिबिरात आलेल्या समद्यांचा गट आधीच काढून लिहून ठेवायचो. पण पेशंटला पिशवी लावायच्या आधी त्याच्या रक्ताशी जुळवून पुन्हा बघायचोच. आधी लिहिलेल्यावर इसंबून पिशवी लावली असं बिलकुल कधी केलं न्हाई. यात काय ठरवायचं असतं ते मला कळलं न्हाई.

आता माझं काम. तीर्थपुरीला लतीफ म्हणून शिलाईवाला आहे. त्याची बायको गौहर, आठवा लागलाय. वार खाली सरकलीय, ऑपरेशन करावं लागंल, दोन पिशव्या तयार ठेवा असं औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं. रक्त तपासलं तर ओ दिसतं, पण कोणत्याच ओशी जुळत न्हाई. बॉम्बे ग्रुप म्हणतात त्याला. दहा हजारात एखाद्याचा असतो. साध्या तपासणीत तो ओच दिसतो, आन त्या माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं.

माझ्या वहीत असं एकच माणूस आहे, जांब समर्थच्या उषाबाई. एक्याण्णव साली सापडल्या, तव्हापासून कव्हाबी बोलावलं की येतात. पण औंदा त्यांना कावीळ झाल्ती, अंगात रक्त न्हाई, डॉक्टर घेऊ देत न्हाईत. मुंबईहून एक पिशवी येईल म्हणतात. दुसरी कुठून आणायची?

हा गट सख्ख्या भावंडांत निघू शकतो. उषाबाईला दोन बहिणी आहेत, दोघींचं रक्त तपासलं, दोघींचा गट साधाच निघाला. तुझं मशीन न सांगितलेलं सांगतं म्हणतेस. तर त्याला इचार, उषाबाईच्या नात्यातलं आणखी कोण?

मामा


पुणे, १३ फेब्रुवारी २००६

मामा,

आठ दिवस मी आणि मैत्रिणीने बसून वही यंत्रात भरली. एक हजार नऊशे सेहेचाळीस माणसं. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी साधारण नऊ हजार. पहिल्या रीतीने सगळे निष्कर्ष काढायला लावले तर यंत्र सकाळी बसलं ते संध्याकाळी उठलं, आणि दोन लाख सत्तर हजार गोष्टी झाल्या! त्यातल्या बऱ्याचशा "कचरू हा कचरूच्या भावाचा भाऊ आहे" अशा.

पण उत्तर आलं, आणि विचारल्याबरोबर आलं. उषाबाईंना एक भाऊ आहे. तीर्थपुरीचे काकासाहेब, गट ओ. म्हणजे गौहरच्याच गावात! लवकर जा.

आणखी एक. सगळे निष्कर्ष काढताना यंत्राने सात ठिकाणी विरोध दाखवला. म्हणजे दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत अशा जागा. सहा तर माझ्याच टायपिंगच्या चुका निघाल्या. सातवी तुमच्या वहीतच तशी आहे. वडीगोद्रीच्या सगुणाबाई, गट एबी. त्यांचा मुलगा देवानंद, गट ओ. एबी आईचं मूल ओ होत नाही ना? लिहिताना चुकलं असेल का?

शिवकन्या


अंबड, १९ फेब्रुवारी २००६

चि. शिवकन्या,

तीर्थपुरीला जाऊन आलो. काकासाहेब घरीच होते. उषाबाईचं नाव काढल्याबरोबर माणूस उभा राह्यला, शर्ट घातला, चला म्हणला. औरंगाबादला नेलं, रक्त दिलं तपासायला. लतीफ आन त्याची आई अकबरबी बाहेर बाकावर बसून होते.

दोन दिवसांनी कळलं, साधा ओ. जुळत न्हाई.

येताना एसटीत मी इचारलं, "काकासाहेब, सख्खे भाऊ ना तुम्ही?"

"सख्खा कुठला? शाळेत एका वर्गात होतो आम्ही. राखी बांधती ती मला. तुम्हीच इचारलं होतं तव्हा, कोण लागता तिचे? म्हणलं भाऊ."

मी भाऊ लिहिलं. मला त्यात काही गैर वाटलं न्हाई. आताबी वाटत न्हाई. पण अकबरबीच्या तोंडाकडं बघवलं न्हाई. चार दिवस गेले यात.

देवानंदची ओळ चुकली असंल. खोडून टाक.

मामा


पुणे, २५ फेब्रुवारी २००६

मामा,

माझी चूक झाली. तुमच्या "भाऊ"मध्ये सख्खा, चुलत, राखीचा, सगळे बसतात. मी मात्र यंत्राला सांगितलं होतं, भाऊ म्हणजे आई एकच.

काकासाहेबांची ओळ काढली. पण तिच्यावरून निघालेल्या एकशे त्रेचाळीस गोष्टी साठ्यात तशाच राहिल्या. त्यातली प्रत्येक त्या ओळीवरूनच निघाली, की दुसऱ्या वाटेनेही निघाली असती, हे कळेना. सगळा साठा फेकून पुन्हा काढायचा तर पुन्हा अख्खा दिवस. मग दुसरी रीत करून बघितली. काही साठवायचं नाही, विचारल्यावर काढायचं. उषाबाईंचं विचारलं तर तीन तास झाले तरी उत्तर नाही. नात्याचं नातं, त्या नात्याचं नातं, असं ते गावभर हिंडत बसलं. मी डोकं धरून बसले, आणि मग तुमचं शिबिराचं वाक्य आठवलं.

आता असं केलंय. आई कोण, वडील कोण आणि त्यावरून सख्खी भावंडं कोण, एवढंच आधी काढून साठवायचं. बाकीची लांबची नाती विचारतील तेव्हा, तेवढ्यापुरती. चाळीस सेकंदात उत्तर येतं. ते असं आलं, की उषाबाईंना बहिणींशिवाय सख्खं भावंड असल्याचं माहीत नाही. लक्षात घ्या, "नाही" असं ते म्हणत नाही. न सांगितलेली गोष्ट खोटी धरायची नाही, असा आमच्या या पद्धतीचा नियम आहे. त्याला माहीत नाही, एवढंच.

आणि देवानंदची ओळ मी खोडली नाही. तुम्हीच लिहिलंत ना, बॉम्बे ग्रुप साध्या तपासणीत ओ दिसतो? मग एबी आईचं मूल वहीत ओ दिसतंय, ते त्याचा गट बॉम्बे असल्यामुळेही असू शकतं. नाही तर मग सगुणाबाई त्याच्या आई नसतील, पण ते कसं शक्य आहे! दुसऱ्या रीतीने गेले असते तर ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर आलीच नसती, कारण देवानंदबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

त्याची तपासणी करून घ्या ना. वडीगोद्री तर तुमच्या जवळ आहे.

शिवकन्या


अंबड, २ मार्च २००६

शिवकन्या,

तुझं पत्र आलं तव्हा मी जेवत होतो. ताट तसंच राह्यलं.

मी तुला खोटं लिहिलं. ती ओळ चुकलेली न्हाई.

एक्याऐंशी साली मी दवाखान्यात नवा लागल्तो. जांब समर्थकडची चतुराबाई बाळंतपणाला आली. पोरगा झाला आन तिचं रक्त थांबंना. कोणाचंच जुळलं न्हाई. कोणता गट हे तव्हा कोणाला ठाऊक? ती गेली. शेजारच्या खाटेवर वडीगोद्रीच्या सगुणाबाई होत्या, त्यांचं मूल त्याच सकाळी गेल्तं. चतुराबाईच्या घरी तीन पोरी. नवरा म्हणला, याला मी कसा वाढवू? बाळ या खाटेवरून त्या खाटेवर मी नेलं. माझ्या हातांनी. बापानं गावात सांगितलं, मायलेकरं दोघंबी गेली. सगुणाबाईनी माझा हात धरून शपथ घातली, की हे कोणाला सांगायचं न्हाई. बाप वारला, नर्स वारली. आता फक्त मी आन सगुणाबाई.

त्यातली थोरली पोरगी म्हणजे उषाबाई.

गौहरचा गट कळला त्याच दिवशी मला देवानंद आठवला. मी तुला मशीनला इचारायला लावलं, कारण त्यानं दुसरं कोणाचं नाव सांगितलं असतं तर मी सुटलो असतो.

उद्या वडीगोद्रीला चाललो. सगुणाबाईला काय म्हणावं ते अजून सुचलं न्हाई.

मामा


पुणे, ६ मार्च २००६

मामा,

मी ते "कसं शक्य आहे" किती सहज लिहून गेले.

रागावले का तुमच्यावर? थोडी. तुम्ही पंचवीस वर्षं हे एकट्याने सांभाळलंत याचं वाईटही वाटतं. दोन्ही एकदम वाटतंय. त्या ओळीला मी हात लावलेला नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. फक्त काय झालं ते कळवा.

शिवकन्या


अंबड, १८ मार्च २००६

चि. शिवकन्या,

आधी हे वाच. गौहर बरी आहे. चौदा तारखेला ऑपरेशन झालं, मुलगी आहे. दोन्ही पिशव्या लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणल्या, एकीवर भागलं नसतं.

आता बाकीचं.

वडीगोद्रीला गेलो तव्हा सगुणाबाई खळ्यावर हरभरा बडवून राह्यल्या होत्या. मला बघून समजल्या असतील. मी म्हणलं, "शपथ मोडायची परवानगी मागायला आलोय."

काठी थांबली न्हाई. "कोनासाठी?"

"तीर्थपुरीच्या लतीफची बायको. बाळंतपणात रक्त लागलं तर देवानंदशिवाय दुसरं कोणी न्हाई. तो तरी जुळंल का, तेबी तपासल्याशिवाय माहीत न्हाई."

"बाळतपनात," एवढंच म्हणल्या. मंग काठी खाली ठेवली. "चतुराला बी तव्हा रगत भेटलं न्हवतं ना?"

"न्हाई भेटलं."

"मला काय इचारता मंग? पन त्याला मीच सांगंन. तुमी मधी बोलू नका."

देवानंद जालन्याला कारखान्यात फिटर आहे. सुट्टीच्या दिवशी आला. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, जसं घडलं तसं. तो ऐकून घेऊन उठला, मोटरसायकल घेतली. किक मारली न्हाई, ढकलत ढकलत रस्त्यापर्यंत नेली आन तिथंच उभा राह्यला. वाटलं गेला. मंग परत आला. सगुणाबाईकडं बघितलं न्हाई, मला म्हणला, "मामा, रक्त कुठं द्यायचं ते सांगा. बाकीचं मला आत्ता काहीच समजून न्हाई राह्यलं."

जुळलं. बॉम्बेच निघाला.

ऑपरेशनच्या दिवशी उषाबाई आल्ती. आपल्याला देता आलं न्हाई याचं तिला लागून राह्यल्तं. अकबरबीनं तिला देवानंदपाशी नेलं, म्हणली, "इस बच्चे ने दिया." उषाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, इचारलं, "कोन्या गावचा रे तू? आपला गट एक म्हंजी आपुन काईतरी लागत आसू." तिनं हसून इचारलं. देवानंदनं माझ्याकडं बघितलं. मला खोटं बोलता आलं न्हाई, तुझा पाठचा भाऊ आहे म्हणून सांगितलं.

तिला वाटलं मी चेष्टा करून राह्यलो. मंग पटलं. पटल्यावर ती देवानंदला काही बोलली न्हाई. मला म्हणली, "पंधरा वर्सं तुमी बोलीवलं तव्हा मी आले. एकदा बी सांगावं वाटलं न्हाई? मी दर साली आईसंगं त्या लेकराचा बी घास काढून ठिवते." आन सरळ स्टँडवर गेली. मी मागं गेल्तो, पण ती गाडीत चढली.

तिच्याकडं दोनदा निरोप पाठवला. उत्तर न्हाई.

देवानंद परवा घरी आल्ता. वही मागितली. त्याच्या ओळीत 'आई' लिहिलंय तिथं सगुणाबाईचं नाव होतं. ते खोडलं न्हाई त्यानं. त्याच्या पुढं स्वतःच्या हातानं चतुराबाई लिहिलं. म्हणला, "मशीनमधी बी असंच लिहा म्हणावं." सगुणाबाईला इचारलं, त्या म्हणल्या लिहू द्या.

तर तसं लिही. काय होतं ते कळव.

मामा


पुणे, २७ मार्च २००६

मामा,

तुम्ही सांगितलं तसं लिहिलं. देवानंदच्या नावापुढे दोन आया.

मला वाटलं होतं यंत्र विरोध दाखवेल आणि थांबेल. मी त्याला नियम दिलेला आहे की प्रत्येक माणसाला आई एकच. पण ते थांबलं नाही. आमच्या पद्धतीत दोन नावं वेगळी आहेत म्हणून माणसं वेगळी, असं ते आपणहून धरत नाही. एकाच बाईला दोन नावं असू शकतात. तेव्हा त्याने सरळ हिशेब केला. आई एकच असते, नावं दोन आहेत, तर ही दोन्ही नावं एकाच बाईची. "सगुणाबाई आणि चतुराबाई एकच आहेत," असं त्याने साठ्यात लिहून टाकलं.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, शास्त्राप्रमाणे त्याचं बरोबर आहे, तुमचा नियम चुकला. जन्म देणारी आणि वाढवणारी अशी दोन वेगळी नाती करा, म्हणजे मिटलं. बरोबरच आहे त्यांचं. दहा मिनिटांचं काम आहे. तरी दोन दिवस झाले, मी ते केलेलं नाही, आणि का केलं नाही ते मला नीट सांगता येणार नाही. करू ना?

उषाबाईंचं काही कळलं का?

शिवकन्या


अंबड, ५ एप्रिल २००६

चि. शिवकन्या,

नियम दुरुस्त कर. काम आहे ते, बराबर झालं पाहिजे. उद्या दुसऱ्या कोणाचं रक्त शोधायचं असंल तर यातून घोटाळा होईल.

तुझं पत्र घेऊन मी वडीगोद्रीला गेल्तो. कशाला गेलो ते मला ठाऊक न्हाई. उषाबाई अजून बोलत न्हाई, देवानंद घरी येतो पण गप गप असतो, म्हणून सगुणाबाई खाऊन पिऊन न्हाई राह्यल्या असं ऐकलं होतं. त्यांना लिहिता वाचता येत न्हाई. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. नियमाबियमाचं त्यांना काही समजलं न्हाई, मला तरी कुठं समजलं? पण ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. सगुणाबाई आणि चतुराबाई एकच आहेत.

"मशीननी म्हनलं असं?"

मी म्हणलं, "हो. पण शिवकन्याचे सर म्हणतात ती चूक आहे."

"आसंल चूक." मंग बोटांवर मोजत हळूहळू म्हणल्या, जसं कोणी नातं लावतं तसं. "मी आन चतुरा येकच. मंग उषा चतुराची लेक, म्हंजी माजी लेक झाली की."

मी पत्राची घडी घातली.

"आई गेल्यापासून तिला म्हायेर न्हाई," त्या म्हणल्या. "तिला माझा निरोप सांगा. तुमचा नको, तुमच्यावर तिचा राग हाये. माझा सांगा. म्हनावं, सगुणानं उन्हाळ्याला म्हायेरी बोलीवलंय."

मी तसाच जांब समर्थच्या गाडीत बसलो. उषाबाई दारातच होत्या. निरोप सांगितला. आत या म्हणल्या न्हाईत, पाणीबी दिलं न्हाई. मी वळून फाटकापर्यंत आलो तव्हा मागून आवाज आला.

"वडीगोद्रीला सकाळची गाडी किती वाजता हाये?"

तुझा मामा